ठाणावरचा घोडा अस्वस्थ का होतो? कारण शोधण्याची रीत

घोडा किंवा तट्टू रानात असताना शांत असते, कामालाही नीट चालते. परंतु पागेत आणून बांधले की पाय आपटू लागते, सारखे खिंकाळते, घामाघूम होते, दाराला लाथा मारते, गव्हाणीचे लाकूड कुरतडते, अथवा उभ्या जागी तासन् तास डुलत राहते, अशी तक्रार घोडे पाळणाऱ्यांकडून वारंवार ऐकावयास मिळते. अशा जनावरास बहुधा ‘खोडीचे’ अथवा ‘ऐबी’ ठरविले जाते. कोणी अंगावरच्या भोवऱ्याला दोष देतो, कोणी चाबूक उगारतो, तर कोणी मिळेल त्या किमतीस विकून मोकळा होतो. यापैकी कोणत्याही उपायाने मूळ कारण नाहीसे होत नाही. विकत घेणाऱ्याच्या पागेतही तीच परिस्थिती असेल, तर तेच जनावर तेथेही तसेच वागते.

आपल्या राज्यात घोड्यांवर पोट असणारी कुटुंबे आजही पुष्कळ आहेत. मेंढरांच्या कळपाबरोबर संसार वाहून नेणारी धनगरांची भीमथडी तट्टे, माथेरान, महाबळेश्वर व पाचगणी येथे पर्यटकांना फिरविणारे घोडे, वरातीचे घोडे आणि सारंगखेड्याच्या यात्रेत खरेदी होणारी जातिवंत जनावरे ही त्याची उदाहरणे होत. अस्वस्थ घोडा अंग धरत नाही, कामात दगा देतो आणि माणसास इजाही करू शकतो. याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, ज्याला आपण खोड म्हणतो ते कित्येकदा पोटशूळाचे पहिले लक्षण असते, आणि पोटशूळात वाया गेलेले काही तास जनावराच्या जिवावर बेततात. यास्तव कारण शोधण्याची पद्धतशीर रीत गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी व पशुपालकांनी समजून घेणे अगत्याचे आहे.

घोड्याचा मूळ स्वभाव

घोडा हा मोकळ्या माळावर कळपाने राहणारा प्राणी आहे. त्याचा पागेतील त्रास समजण्यासाठी त्याच्या शरीररचनेतील व स्वभावातील चार गोष्टी ध्यानात घ्याव्या लागतात.

पहिली गोष्ट पोटाची. गाय-बैल भरभर चरून घेतात व नंतर निवांत रवंथ करतात. घोडा रवंथ करीत नाही. त्याचे जठर शरीराच्या मानाने लहान असते आणि त्यात आम्ल अखंड पाझरत राहते. पोटात वैरण असो वा नसो. हे आम्ल सौम्य करणारी लाळ मात्र केवळ चावताना सुटते. मोकळा घोडा दिवस-रात्र मिळून सुमारे १६ तास थोडे थोडे चरत असतो, त्यामुळे त्याचा मेळ आपोआप बसतो. पागेत दोनच वेळा वैरण टाकली व ती दोन-तीन तासांत संपली, की उरलेला वेळ रिकाम्या जठरात आम्ल साचते, जळजळ होते आणि कालांतराने व्रण पडतात.

दुसरी गोष्ट सोबतीची. कळपातील एक घोडा चरत वा झोपत असता दुसरा सावध असतो. एकटा पडलेला घोडा हा स्वतःस धोक्यात समजतो.

तिसरी गोष्ट हालचालीची. चरताना घोडा पाऊल पाऊल पुढे सरकत दिवसाकाठी कित्येक किलोमीटर चालतो. या चालीने आतड्यांची गती राहते व खुरांना रक्तपुरवठा होतो. उभ्या उभ्या राहिलेल्या घोड्याचे पाय सुजतात व मल सुकतो.

चौथी गोष्ट झोपेची. घोडा उभ्याने डुलकी घेतो हे खरे. परंतु गाढ झोपेसाठी त्याला आडवे व्हावेच लागते. अशी झोप त्याला दिवसाकाठी अर्ध्या ते एक तासापेक्षा अधिक लागत नाही. परंतु तेवढी मिळालीच पाहिजे. जागा अपुरी, जमीन कठीण वा ओली, अथवा मनात भीती असेल तर तो आडवा होत नाही. अशी झोप बरेच दिवस तुटली, की उभ्याने डुलकी घेताना त्याचे पुढचे गुडघे एकदम वाकतात. पुढच्या पायांच्या सांध्यांवर समोरच्या बाजूने खरचटल्याच्या जुन्या-नव्या खुणा दिसल्यास ही शंका घ्यावी.

आधी आजार नाही याची खात्री करावी

कारणांचा शोध सुरू करण्यापूर्वी जनावर दुखण्याने तर तळमळत नाही ना, हे पाहणे हे पहिले काम होय. निरोगी प्रौढ घोड्याचे विश्रांतीच्या वेळचे प्रमाण पुढीलप्रमाणे असते : शरीराचे तापमान ९९ ते १०१.५ अंश फॅरनहाइट (सुमारे ३७.२ ते ३८.६ अंश सेल्सिअस), नाडी मिनिटाला २८ ते ४४ आणि श्वास मिनिटाला ८ ते १६. नाडी खालच्या जबड्याच्या आतील कडेला बोटांनी सापडते. हिरड्या फिकट गुलाबी व ओलसर असाव्यात. ही मोजणी जनावर शांत असताना दोन-चार दिवस करून वहीत लिहून ठेवावी, म्हणजे बिघाड झाल्यास फरक चटकन कळतो.

घोडा पुनःपुन्हा कुशीकडे वळून पाहत असेल, पायाने जमीन उकरत असेल, खाली पडून लोळत असेल, वरचा ओठ मुडपत असेल, लीद टाकणे थांबले असेल, तर तो पोटशूळ समजावा व तत्काळ पशुवैद्यकास बोलवावे. विश्रांतीत नाडी ६० च्या वर गेली किंवा हिरड्या लालभडक अथवा निळसर झाल्या, तर एक क्षणही दवडू नये. पशुवैद्यक येईपर्यंत दाणा-वैरण काढून घ्यावी. जनावर जोरजोराने लोळत असल्यास, स्वतःस सांभाळून, त्यास हळूहळू चालवावे. तोंडातून अथवा नाकातून तेल वा काढा पाजण्याची चाल अत्यंत घातक आहे. घोड्यास उलटी होत नाही, आणि पाजलेला द्रव फुप्फुसात उतरल्यास जनावर त्यानेच दगावते.

पोटशूळाखेरीज इतरही दुखणी पाहावीत. दाढांच्या कडा धारदार झाल्या असता घोडा घास चघळून बाहेर टाकतो व मान वाकडी करतो. नाल घट्ट बसला असेल, खुरात खडा वा पू असेल, तर तो एका पायावर भार टाळतो. खोगिराखालची पाठ अथवा तंगाची जागा दुखरी असेल, तर खोगीर दिसताच कान मागे टाकतो. ताप येऊन-जाऊन राहणे, पाय व पोटाखालील भाग सुजणे आणि खाऊनही रोडावणे ही गोमाशीमुळे पसरणाऱ्या सरा रोगाची लक्षणे असू शकतात. नाकातून चिकट स्राव व अंगावर फुटणाऱ्या गाठी दिसल्यास जनावर वेगळे बांधावे, उघड्या हाताने हाताळू नये आणि पशुवैद्यकीय दवाखान्यास त्वरित कळवावे; ग्लँडर्स हा रोग माणसासही होतो.

‘केव्हा?’ हा सर्वांत उपयोगी प्रश्न

आजार नाही असे ठरल्यावर ‘घोडा असे का करतो?’ यापेक्षा ‘केव्हा करतो?’ हा प्रश्न आधी विचारावा. त्यासाठी चार-पाच दिवस एक वही पागेत ठेवावी. घोडा अस्वस्थ झाल्याची वेळ, त्यापूर्वी घडलेली गोष्ट, तो काय करीत होता आणि केव्हा शांत झाला, या चार बाबी लिहाव्यात. वैरण टाकल्याची व संपल्याची वेळ, पाणी, काम, सोबतीची जनावरे आत-बाहेर गेल्याची वेळ आणि लिदीचे प्रमाण यांचीही नोंद असावी.

अशा नोंदींतून कारणाची दिशा बहुधा स्पष्ट होते. वैरण संपल्यावर दोन-तीन तासांनी सुरू होणारी आणि वैरण पडताच थांबणारी अस्वस्थता पोटाची असते. सोबतीचे जनावर बाहेर जाताच सुरू होणारे खिंकाळणे व येरझाऱ्या एकटेपणाच्या असतात. काम नसलेल्या दिवशीच वाढणारा दांडगेपणा कोंडलेल्या हालचालीचा असतो. फक्त रात्री त्रास होत असेल तर डास, उंदीर, साप, मोकाट कुत्री किंवा झोपण्यास अयोग्य जमीन यांचा विचार करावा. भर दुपारी अथवा पावसाच्या सरीबरोबर त्रास होत असेल तर डोक्यावरचा पत्रा पाहावा. एखादी ठरावीक व्यक्ती आत येताच घोडा मागे सरत असेल, तर कारण त्या व्यक्तीच्या वागणुकीत शोधावे.

पागेची तपासणी

यानंतर पागेत घोड्याच्या जागी उभे राहून पाहावे. मोकळ्या खणात ठेवावयाच्या मोठ्या घोड्यास १२ फूट लांब व १२ फूट रुंद आणि तट्टास १० फूट लांब व १० फूट रुंद जागा असावी. छप्पर १० ते १२ फूट उंच असावे. घोड्यास बाहेरचे व दुसरे जनावर दिसेल अशी खिडकी अथवा अर्धे दार असणे हितावह आहे. चारी बाजूंनी बंद भिंती मालकास सुरक्षित वाटतात, घोड्यास मात्र त्या कोंडवाड्यासारख्या असतात.

हवा तपासण्याची सोपी रीत अशी : सकाळी दार उघडताच आत जावे व गुडघ्याएवढ्या उंचीवर नाक आणून श्वास घ्यावा. आडवा झालेला घोडा त्याच उंचीवरची हवा घेतो. डोळे चुरचुरले किंवा उग्र वास आला, तर मुतातून उठणारा अमोनिया साचला आहे असे समजावे. ओला आंथर रोज काढावा, वर हवा जाण्यास झरोके ठेवावेत आणि बुरशी आलेली वैरण मुळीच वापरू नये.

अगाडी-पिछाडी लावून घोडा जखडून ठेवण्याची जुनी चाल अनेक ठिकाणी अद्याप आहे. अशा बांधणीत त्यास वळता येत नाही, अंग खाजविता येत नाही, आडवे होता येत नाही. शक्य तेथे घोडा खणात मोकळा ठेवावा. बांधणे भागच असेल तर केवळ मोरकीस दावे लावावे. त्याची लांबी अशी असावी की घोडा सहज आडवा होईल, परंतु त्याचा पाय दाव्यात अडकणार नाही.

वैरणीचा हिशोब

पुष्कळ ठिकाणी अस्वस्थतेचे मूळ वैरणीतच सापडते. प्रथम घोड्याचे वजन काढावे. पुढच्या पायांमागून छातीचा घेर आणि खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंतची लांबी सेंटिमीटरमध्ये मोजावी. घेरास घेराने गुणून त्यास लांबीने गुणावे व ११,८८० ने भागावे. उत्तर किलोग्रॅममध्ये येते. घेर १५० व लांबी १४० असेल तर वजन सुमारे २६५ किलो भरते.

घोड्यास रोज वजनाच्या दीड ते दोन टक्के कोरडा चारा मिळालाच पाहिजे; दीड टक्क्याखाली केव्हाही जाऊ नये. दोन टक्क्यांच्या हिशोबाने वरील तट्टास रोज साडेपाच ते सहा किलो वाळलेले गवत अथवा चांगला कडबा लागतो. तो एकदम न टाकता चार वेळा विभागून द्यावा आणि रात्रीचा वाटा सर्वांत मोठा ठेवावा, कारण रात्रीचा खंडच सर्वांत लांब असतो. दोन वैरणींमध्ये तोंड रिकामे राहण्याचा काळ चार-पाच तासांहून अधिक नसावा. बारीक जाळीच्या पिशवीत गवत भरून टांगल्यास तेच गवत अधिक वेळ पुरते. मात्र पिशवी पाय अडकणार नाही इतकी उंच असावी. रोज थोडा लसूणघास दिल्यास त्यातील चुन्यामुळे जठरातील आम्ल सौम्य होण्यास मदत होते. कोवळी हिरवी ज्वारी घोड्यास घालू नये.

दाण्याने वैरणीची उणीव भरून निघत नाही. एका वेळचा दाणा वजनाच्या अर्ध्या टक्क्याहून अधिक नसावा. २६५ किलोच्या तट्टास हे प्रमाण सव्वा किलोच्या आसपास येते. काम नसेल त्या दिवशी दाणा कमी करावा. भरपूर दाणा व सक्तीची विश्रांती यांनंतर एकदम कामास जुंपल्यास पुठ्ठ्याचे स्नायू आखडतात व मूत्र काळपट होते. ही अवस्था गंभीर समजावी. खाद्यात कोणताही बदल आठ ते पंधरा दिवसांत हळूहळू करावा. जनावरांसाठीचे युरियायुक्त खाद्य आणि कोंबड्यांचे खाद्य घोड्यास कदापि देऊ नये. कोंबड्यांच्या व काही गुरांच्या खाद्यात मोनेन्सिन हे औषध मिसळलेले असते, आणि त्याची अल्प मात्राही घोड्याचे हृदय निकामी करते. पाणी रोज २५ ते ५० लिटर, उन्हाळ्यात व कामाच्या दिवसांत त्याहून अधिक, स्वच्छ व सतत समोर असावे. मिठाचा खडा चाटावयास ठेवावा.

एका वेळी एकच बदल

एकाच जनावराच्या त्रासास दोन-तीन कारणे एकत्र असू शकतात. ती वेगळी कशी करावीत हे समजण्यासाठी एक उदाहरण घेऊ.

समजा, एका शेतकऱ्याने मार्गशीर्षातील यात्रेतून पाच वर्षांची घोडी आणली. घरामागील पत्र्याच्या खोपीत ती एकटी बांधलेली आहे. भिंतीपलीकडे बैलजोडी असते. सकाळी सात व सायंकाळी सात अशी दोन वेळा वैरण व दाणा मिळतो. घोडी खिंकाळते, जमीन उकरते, घाम गाळते आणि महिनाभरात रोडावली आहे. तापमान, नाडी व लीद ठीक असून ती आवडीने खाते.

वहीतील नोंदी सांगतात की, सकाळी आठ वाजता बैल शेतावर निघाले की ती अर्धा-पाऊण तास खिंकाळते. दहाच्या सुमारास वैरण संपते. दुपारी एकपासून जमीन उकरणे सुरू होते, ते थेट सायंकाळची वैरण पडल्यावर थांबते. पुढे अमावास्येस बैल जुंपले गेले नाहीत. त्या दिवशी सकाळचे खिंकाळणे झाले नाही. दुपारचे उकरणे मात्र नेहमीसारखेच झाले. या एका नोंदीवरून सकाळचा त्रास सोबतीचा व दुपारचा त्रास पोटाचा, असे दोन निराळे धागे हाती येतात. तिसरी नोंद अशी की, सकाळी घोडीच्या अंगावर माती वा काडी कधीच लागलेली नसते. म्हणजे ती रात्रभर आडवी होत नाही.

आता सर्व सुधारणा एकाच दिवशी केल्या, तर कशाचा गुण आला ते कळणार नाही. म्हणून पहिल्या आठवड्यात तेवढीच वैरण चार वेळा विभागून द्यावी. दुपारचे उकरणे कमी झाले आणि सकाळचे खिंकाळणे तसेच राहिले, तर अनुमान बरोबर होते असे समजावे. दुसऱ्या आठवड्यात मधल्या भिंतीस खिडकी पाडून घोडीस बैल दिसतील असे करावे आणि बैल बाहेर असताना एखादी शेळी वा दुसरे तट्टू तिच्या नजरेसमोर बांधावे. तिसऱ्या आठवड्यात दगडी जमिनीवर माती व पेंढ्याचा जाड थर घालून दावे लांब करावे. पाठीवर व कुशीवर पेंढ्याच्या काड्या लागलेल्या दिसू लागल्या, की घोडी झोपू लागली हे सिद्ध झाले. यासाठी खर्च फारसा येत नाही. लागते ती निगराणी. मात्र जेथे धोका उघड आहे, उदाहरणार्थ बुरशीची वैरण, पाण्याचा अभाव अथवा पायात अडकणारे दावे, तेथे आठवड्याची वाट पाहू नये. तो दोष त्याच दिवशी दूर करावा.

जडलेल्या सवयींविषयी

डुलणे, येरझाऱ्या घालणे आणि गव्हाणीची कड दातांनी धरून वारा ओढणे या सवयी दीर्घकाळच्या त्रासातून जडतात. कारण दूर केल्यावर त्या पुष्कळ कमी होतात. परंतु जुन्या असल्यास पूर्णपणे जातीलच असे नाही, हे पशुपालकास आधीच सांगावे. गळ्याला आवळपट्टा बांधणे, गव्हाणीस तिखट चोपडणे, मारणे अथवा दार बंद करून अंधारात कोंडणे यांमुळे सवय दिसेनाशी झाली तरी त्रास आतल्या आत वाढतो. एक घोडा दुसऱ्याचे पाहून ही खोड उचलतो असाही समज आहे. त्यास भक्कम पुरावा नाही. एकाच पागेतील दोन घोडे तीच खोड करतात, कारण दोघांचे हाल एकच असतात.

शिंगराच्या बाबतीत विशेष काळजी घ्यावी. आईपासून एकदम तोडून एकटे कोंडलेल्या व दाण्यावर वाढविलेल्या शिंगरास या सवयी लवकर जडतात. दूध तोडताना त्यास दुसऱ्या शिंगराची अथवा शांत प्रौढ घोड्याची सोबत द्यावी आणि गवतावर मोकळे सोडावे.

रोजचा क्रम

घोड्यास ठरावीक क्रम मानवतो. वैरण, पाणी, खरारा व फिरविणे यांच्या वेळा पाळाव्यात. दिवसातून निदान दोन तास त्यास पागेबाहेर मोकळे सोडावे. कुरण नसेल तर कुंपण घातलेले पडीक आवारही चालते. पावसाळ्यात पर्यटनाची कामे मंदावतात व घोडे दिवसेंदिवस ठाणावर राहतात. अशा काळात दोन्ही वेळा चालवून आणणे आणि दाणा कमी करून गवत वाढविणे आवश्यक आहे. वरातीच्या घोड्यास रात्रीच्या गोंगाटानंतर दुसऱ्या दिवशी शांत जागा व सोबत द्यावी. कळपाबरोबर हिंडलेले भीमथडी तट्टू नव्याने पागेत आणल्यास पहिले काही दिवस त्यास दिवसभर बाहेर ठेवून, सोबतीसह, टप्प्याटप्प्याने आत बांधण्याची सवय करावी.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी आपल्या गावातील घोडे पाळणाऱ्यांची यादी करून प्रत्येकास नोंदवहीची ही रीत एकदा प्रत्यक्ष दाखवावी आणि आठ दिवसांनी पुन्हा भेट देऊन नोंदी तपासाव्यात. आधी दुखणे तपासावे, मग वेळ लिहावी, मग पागा व वैरण पाहावी, आणि एका वेळी एकच बदल करून त्याचा परिणाम नोंदवावा, हा क्रम पाळल्यास कारण बहुधा हाती लागते. नोंदी असलेली वही पशुवैद्यकासमोर ठेवल्यास त्यांचेही काम सोपे होते, आणि ‘ऐबी’ म्हणून विकावयास काढलेले जनावर पुन्हा घराच्या उपयोगी पडू शकते.